शाळा अंगणात आली तेव्हा

बचतीचे पैसे जमा करून, रजिस्टर मिटवून तुम्ही रेडिओभोवती बसला असाल. मागच्या भाषणात आपण अंतर्गत कर्जाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते पाहिलं. आज आपण आपल्या मुलांबद्दल बोलू. सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होण्याआधीच भांडण सुरू झालं. गटातल्या एका बाईचा चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत दुसऱ्या पोरांना चावायचा, ओरबाडायचा, कुणाच्या हातातला खाऊ ओढून घ्यायचा. त्या दिवशी त्याने एका मुलीच्या दंडाला चावून रक्त काढलं होतं. "लई वांड पोर आहे," एक म्हणाली. "बापावर गेलंय," दुसरी म्हणाली. "त्याला काढा, नाहीतर आमची पोरं आम्ही घरी ठेवतो," असं तिघी-चौघींनी बजावलं. त्याची आई मान खाली घालून बसली होती. गटाच्या समन्वयाचं काम करणाऱ्या आम्ही तिथेच होतो. आम्ही काय केलं? "ताई, पोराला जरा वळण लावा," एवढं बोललो आणि विषय मिटवून हप्त्यांकडे वळलो.

पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही बैठकीला आली नाही. हप्ता शेजारणीच्या हाती पाठवायची. पोरगंही अंगणवाडीत यायचं बंद झालं. वस्ती शांत झाली, कुणाची तक्रार राहिली नाही.

महिनाभराने आम्ही तिच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर तिचं कर्ज थकू नये म्हणून गेलो. तिथे जे कळलं त्याने आमचीच मान खाली गेली. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. सकाळी सातला पिकअप यायची आणि ती कांदा लागणीला जायची. घर उसाला लागून. आपल्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो हे कुणाला सांगायला नको. म्हणून आजारी सासूजवळ पोराला घरात ठेवून ती बाहेरून कडी लावून जायची. सासू खाटेवरून उठत नव्हती. चार वर्षांचं पोर दिवसभर एका खोलीत. खेळायला सोबती नाही, पळायला अंगण नाही. आधी शेजारची एक मुलगी त्याला बोट धरून अंगणवाडीत नेत होती, तेवढे तीन-चार तास काय ते त्याचे मोकळे. त्या तासांतच ते पोर इतर मुलांवर तुटून पडत होतं, कारण पोरांबरोबर कसं राहायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि ते शिकायची जी एकच जागा होती, तीही आपण सगळ्यांनी मिळून त्याच्यापासून काढून घेतली होती.

मैत्रिणींनो, तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला. पोर मुळातच वाईट असतं, की घर, शाळा आणि गाव मिळून त्याला तसं करतात? आम्ही जुन्या गोष्टी वाचायला लागलो. तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी जणींनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी आपल्या हाताने काम करून शोधलं होतं.

पहिली गोष्ट तर आपल्या गावातलीच आहे. आपल्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर इथे गेला आणि त्या भावंडांनी त्याला इथे समाधी दिली, अशी आपली श्रद्धा. आपण तिथे हात जोडतो, नारळ फोडतो. पण ती भावंडं पैठणला का गेली होती, हे आपण पोरांना कधी सांगतो का?

त्यांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले होते. गुरूंच्या सांगण्यावरून ते पुन्हा संसारात आले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं झाली. संन्याशाला मुलं झाली म्हणून आळंदीच्या लोकांनी त्या घराला वाळीत टाकलं. चूक असलीच तर ती थोरांची. शिक्षा मात्र लेकरांना. मुंज नाही, कुणाच्या घरी जाणं नाही. नावाने हाक मारायच्या ऐवजी 'संन्याशाची पोरं' हीच त्यांची ओळख. आईवडील गेल्यावर ही मुलं आम्ही शुद्ध आहोत असं पत्र मागायला पैठणला गेली. रेड्याची गोष्ट तिथली. चमत्कार कुणी मानेल, कुणी मानणार नाही. पण लहान मुलांना 'तुम्ही अशुद्ध नाही' असा कागद मोठ्यांकडे मागत पायी फिरावं लागलं, एवढं जरी मनात ठेवलं तरी त्या समाधीपुढे उभं राहताना वेगळं वाटतं.

याच भावंडांची आणखी एक आठवण परंपरेने जपली आहे. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेवांच्या मनाला इतकं लागलं, की ते झोपडीत जाऊन ताटी लावून बसले. मग धाकट्या मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांना समजावलं. तेच 'ताटीचे अभंग' म्हणून आपण भजनात म्हणतो. म्हणजे बघा, एवढे ज्ञानदेव, पण गावाच्या बोलण्याने त्यांनीही दार लावून घेतलं होतं. ते उघडायला कुणीतरी मायेचं माणूस बाहेर उभं राहावं लागलं. पुढे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. पण ज्या मुलांच्या दाराशी मुक्ताई आली नाही, त्यांचं काय झालं असेल? त्यांची नावं कुठल्याच पोथीत नाहीत.

आता आपण जवळजवळ साडेपाचशे वर्षं पुढे येऊ. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल टाकला, हेही माहीत आहे. पण १८८२ ची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिक्षणाची चौकशी करायला सरकारने हंटर कमिशन नेमलं होतं. जोतीरावांनी त्यांच्यापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, ते त्यांनी त्यात सांगितलं. घरात दारिद्र्य आहे, गुरं राखायला आणि शेतात मदतीला मुलं लागतात, म्हणून येत नाहीत. मुलं यावीत असं वाटत असेल तर त्यांना शिष्यवृत्ती आणि बक्षिसं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

यातली नजर महत्त्वाची आहे. 'या लोकांच्या पोरांना अक्कल नाही, शिकायची हौस नाही' असं तेव्हा मोठमोठे लोक सर्रास म्हणायचे. जोतीरावांनी पोराला दोष दिला नाही. पोराच्या पाठीमागे त्याचं घर असतं आणि घराच्या पाठीमागे गावगाडा असतो, तो त्यांनी दाखवला.

या गोष्टीचा पुढचा धागा थेट परदेशात जातो. इटली देशातल्या रोम शहरात सान लोरेंझो नावाची गरीब कामगारांची वस्ती होती. आईबाप दोघं कामाला जायची. मागे राहिलेली लहान पोरं चाळींमध्ये धुडगूस घालायची, भिंती खराब करायची. इमारतींच्या मालकांना भिंतींची काळजी पडली, म्हणून त्यांनी पोरांना सांभाळायला एक खोली दिली आणि मारिया मोंटेसरी नावाच्या डॉक्टर बाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ ला ते 'बालघर' सुरू झालं. बाईंनी पोरांना शिक्षा केली नाही. त्यांच्या उंचीचं सामान आणलं, हाताला काम दिलं. हात धुणं, वस्तू जागेवर ठेवणं, ठोकळे रचणं, एकमेकांना वाढणं अशी कामं. भिंती खराब करणारी तीच पोरं तासन्‌तास एका कामात गढून बसायला लागली. पोरं बदलून आणली नव्हती. त्यांच्याभोवतीचं जग तेवढं बदललं होतं.

ही पद्धत आपल्याकडे आणली गुजरातमध्ये भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. ते मूळचे वकील. १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. मार नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, खेळ आणि प्रेम. लोक त्यांना कौतुकाने 'मिशीवाली आई' म्हणायचे. त्यांच्याबरोबर कामाला आल्या एक मराठी बाई, ताराबाई मोडक.

ताराबाई १८९२ च्या. मुंबईत वाढलेल्या, बी.ए. झालेल्या. लग्न झालं, पण ते टिकलं नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळात घटस्फोट घेतलेल्या बाईला लोक काय काय म्हणत असतील, ते आपल्याला कुणी सांगायला नको. मुलीला घेऊन त्या गुजरातमध्ये नोकरीला गेल्या. राजकोटला काम केलं आणि पुढे गिजुभाईंच्या सोबतीने भावनगरला बालशिक्षणात रमल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

शिशुविहार नावाजलं गेलं. पण तिथे येणारी मुलं शहरातली, बऱ्या घरातली होती. मोंटेसरीचं सामान महाग होतं. खेड्यातल्या, रानातल्या पोरांचं काय, हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. शेवटी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादर सोडून त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं.

त्यांच्या हाताखाली आलेल्या बाई तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. अनुताई वाघ. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत कपाळ पांढरं झालं. पोरवयात गावाने त्यांच्यावर 'विधवा' हा शिक्का मारला. पण घरच्यांनी शिकू दिलं. त्या शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवलं, नोकरी करत पुढचं शिक्षण घेतलं. पस्तिसाव्या वर्षी त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या, त्या पुन्हा परत आल्याच नाहीत. एकीवर घटस्फोटाचा शिक्का, दुसरीवर वैधव्याचा. अशा दोघींनी मिळून महाराष्ट्रातल्या बालवाडीचा पाया घातला.

तो काळ आणि तो भागही समजून घ्यायला हवा. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतले वारली आदिवासी जमीनदारांकडे वेठीला राबत होते. लग्नासाठी थोडं कर्ज घ्यायचं आणि नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबायचं, अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. अशा घरातली पोरं शाळेत कशी येणार? आईबाप उजाडताच कामावर. पोरगा गुरांमागे. पोरगी पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन. अंगावर धड कपडा नाही, डोक्याला तेल नाही. बाहेरचं माणूस दिसलं की पाड्यावर भीती, कारण बाहेरून येणारा माणूस म्हणजे मारणारा किंवा मागणारा.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्या वस्त्यांसाठी ती काढली तिथली मुलं येईनात. आपण असतो तर म्हणालो असतो, 'या लोकांना पोरांच्या शिक्षणाची पडलेलीच नाही.' ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. मग त्या दोघी वस्तीत गेल्या आणि एका घराच्या अंगणातच बालवाडी भरवली. ती झाली 'अंगणवाडी'. हा शब्द ताराबाईंचा. आज जो आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो शब्द कुठल्या सरकारी कचेरीत जन्मला नाही. मुलं शाळेत येईनात म्हणून स्वतः उठून त्यांच्या दारी गेलेल्या एका बाईने तो दिला.

त्या अंगणात काय चालायचं? पहिलं काम अंघोळीचं. हात-पाय धुवायचे, नाक पुसायचं, केस विंचरायचे. हे रागावून करायचं नाही, गाणी म्हणत करायचं. ज्या पोराला कुणी जवळ घेतलेलं नसतं, त्याच्यासाठी केस विंचरणारा हात हाच पहिला धडा. मग अंगण झाडायचं, सारवायचं, रांगोळी काढायची. खेळायला सामान कुठलं? समुद्राचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे, माती. मोठं-लहान, जड-हलकं, खरखरीत-मऊ हे सगळं त्यातूनच शिकायचं. एक पैसा न खर्चता. मोंटेसरी बाईंनी रोममध्ये जे केलं, ते या दोघींनी आपल्या मातीत आणलं. आणि हे अंगणात चाललेलं असल्यामुळे आया, आज्या, शेजारणी उभ्या राहून बघायच्या. पोराला न मारताही ते ऐकतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं. शाळा पोराबरोबर आईलाही शिकवत होती.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे आणखी एक अडचण आली. मोठी पोरं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायची असतात. मग काय करायचं? गुरुजी गुरांमागे जाणार. कुरणातच शाळा. तिचं नाव 'कुरणशाळा'. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली बसून शिकतायत. १८८२ मध्ये जोतीरावांनी जी अडचण सांगितली होती, तिच्यावर ही तोड निघाली.

दुसरी अडचण मुलींची. पोरगी शाळेत येईल, पण कडेवरच्या भावाला कुठे ठेवेल? मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, असं तिन्ही एकत्र केलं. त्याला नाव दिलं 'विकासवाडी'. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी ताई वर्गात. एका पाळण्यामुळे एका मुलीची शाळा सुरू राहते, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणींच्या जिवाला लागेल! आपल्यातल्याच कितीजणींची शाळा पाठच्या भावंडापायी सुटली आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई पुढे १९ वर्षं कोसबाडलाच राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळालं. १९९२ मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्हाला काय समजलं, ते साध्या शब्दांत सांगतो. पोराचं वागणं ही त्याची भाषा असते. ज्याला बोलता येत नाही ते चावतं. ज्याला भीती वाटते ते पळतं किंवा मारतं. ज्याला सारखं 'मठ्ठ' म्हटलं जातं ते फळ्याकडे बघायचं सोडतं. घरात रोज शिवीगाळ ऐकली तर शिवी हाच त्याला शब्द वाटतो. घरात उपाशी असेल तर दुसऱ्याच्या ताटातलं ओढतं. आणि शाळाही पोराला दोन्हीकडे वळवू शकते. शाळेत नावाने हाक मारणारं कुणी असेल, हाताला काम असेल, रोजचा क्रम ठरलेला असेल, तर घरची निम्मी जखम तिथे भरून येते. शाळेतही मार आणि टोमणेच असतील तर तीच जखम चिघळते.

सरकारलाही हे उशिरा का होईना पटलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव दिलं गेलं 'अंगणवाडी'. आज वाडीवस्तीवर ती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. म्हणजे 'गाढवा', 'तुझ्या जातीतच नाही' असं वर्गात बोलणं हाही आता कायद्याने बंदी असलेला मानसिक छळ ठरू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आतच होते. अनुताईंनी बोर्डीच्या अंगणात जे हाताने ओळखलं, ते आता सरकारी कागदावर आलं.

पण कागदावर नाव आलं तरी त्यातलं अंगण राहिलं का? आपण अंगणवाडीला काय समजतो? खाऊ मिळायची जागा, वजन करायची जागा, लस टोचायची जागा. सेविकाताई बिचारी रजिस्टरं भरते, मोबाईलवर माहिती भरते, सर्व्हेला जाते, निवडणुकीच्या कामाला जाते. तिला पोरांच्या जवळ बसायला वेळ मिळतो का, हे कधी आपण विचारलं? आणि ज्यांची पोरं केंद्रापर्यंत पोचतच नाहीत त्यांचं काय? ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या कोप्या आपल्या शिवारात पडतात. वीटभट्टीवरची पोरं असतात. बिबट्याच्या भीतीने घरात कोंडलेली पोरं असतात. त्यांच्यासाठी अंगणवाडी उठून त्यांच्या अंगणात जाते का?

आता त्या पोराकडे परत येऊ. त्याच्या घरून आलो त्याच आठवड्यात आम्ही बैठक बोलावली. या वेळी विषय कर्जाचा नव्हता. आम्ही जे पाहिलं ते सांगितलं आणि आधी आपली चूक कबूल केली. कुणी काही बोलेना. मग जिच्या मुलीच्या दंडाला तो चावला होता, तीच बाई म्हणाली, "माझं घर वाटेवरच आहे. मी माझ्या पोरीबरोबर त्यालाही नेत जाईन." तिथून सुरुवात झाली. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर वस्तीवरच्या एक आजी पाच-सहा पोरांना घेऊन स्वतःच्या ओट्यावर बसायला लागल्या. गटाने ठरवलं की त्यांना महिन्याला थोडे पैसे द्यायचे, फुकट राबवायचं नाही. सेविकाताईंनी त्या पोराला रोज ताटल्या वाटायचं काम दिलं. ज्या हाताने तो खाऊ ओढायचा, त्याच हाताने तो आता सगळ्यांना ताटली द्यायला लागला.

जादू झाली असं आम्ही म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात तो आणखी दोनदा चावला. एकदा तर आजींनाच. पण कुणी त्याला काढा म्हटलं नाही. हळूहळू चावणं थांबलं. आता तो पहिलीत आहे. रागीट आहे अजून, पटकन तोंड फुगवतो. पण शाळेत जातो, त्याला दोन मित्र आहेत.

त्याची आई तिसऱ्या महिन्यात बैठकीला आली. नेहमीच्या जागी बसली, हप्ता भरला. जाताना दाराशी आम्हाला म्हणाली, "त्या दिवशी बाकीच्या बोलल्या त्याचं एवढं लागलं नाही. तुम्ही वळण लावा म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात, त्याचं लागलं." आम्ही काही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. पोराने तर ताटी लावली होतीच. त्या दिवशी आमच्यापायी त्याच्या आईनेही ती लावली होती.

म्हणून आज हे भाषण. तुमच्या गटात पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा आणि या चार गोष्टींवर बोला.

एक. आपल्या वस्तीवर असं कुठलं मूल आहे का, ज्याला आपण नावाऐवजी शिक्क्याने हाक मारतो? वांड, मठ्ठ, चोरटा, शेंबडा, अमक्याची पोर. आजपासून त्याला त्याच्या नावाने हाक मारायची.

दोन. आपल्या शिवारात अंगणवाडीत न पोचणारी मुलं किती आहेत? कोपीवरची, भट्टीवरची, घरात कोंडलेली. मोजा. यादी करा. सेविकाताईंना आणि ग्रामसंघाला द्या.

तीन. कामाला जाताना मुलांना कुठे ठेवायचं, याची सोय गटाला करता येईल का? पाळी लावून, एखाद्या आजींना मोबदला देऊन. कोसबाडचा पाळणा आपल्या ओट्यावर आणता येतो.

चार. महिन्यातून एकदा गटातल्या दोघीजणींनी अंगणवाडीत जाऊन बसायचं. सेविकाताईंच्या चुका काढायला नाही. पोरांना गोष्ट सांगायला, गाणं म्हणायला. आपल्याकडे जात्यावरची, भोंडल्याची, सणावाराची किती गाणी आहेत! चिंचोके आणि खडे तर आपल्या दारातच आहेत.

आणि आळ्याला रेड्याच्या समाधीला जाल तेव्हा पोरांना बरोबर न्या. रेड्याची गोष्ट सांगा, पण तिथेच थांबू नका. ज्यांना गावाने वाळीत टाकलं त्या चार लेकरांची गोष्टही सांगा, आणि भावाच्या बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुक्ताईचीही सांगा.

पुढच्या भाषणात आपण वस्तीवर पाळणाघर चालवायचा खर्च किती येतो आणि तो कसा उभा करायचा, ते पाहू. तोपर्यंत राम राम मैत्रिणींनो.